यादी खालून बांधायला घ्या

न्यू जर्सीतल्या एका आईने विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सप्टेंबरमध्ये बारावीत जाईल. जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) ३.९६, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १५५०, नऊ एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय), शाळेच्या रोबोटिक्स टीमची कॅप्टन, भरतनाट्यमचं अरंगेत्रम झालेलं, रविवारी मराठी शाळेत छोट्यांना शिकवते. तिला कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. यादीत सोळा कॉलेजं आहेत: आयव्ही लीगची आठही, शिवाय स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, कार्नेगी मेलन, बर्कली, जॉर्जिया टेक, इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन, आणि शेवटी "सेफ्टी म्हणून", म्हणजे हमखास प्रवेश मिळेल अशी जागा म्हणून, रटगर्स. आईवडील दोघंही नोकरी करतात, मिळून उत्पन्न अडीच लाख डॉलरच्या थोडं वर. धाकटा मुलगा नववीत. पुण्यात कोथरूडला एक फ्लॅट. यादी वीसची करावी का, असं त्यांना विचारायचं आहे.

ताई, तुमची यादी मी दोनदा वाचली. सोळा ही संख्या ठीक आहे. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जावर, वीस कॉलेजं घालता येतात म्हणून वीस भरायलाच हवीत असं नाही, आणि तुम्ही आणखी चार घातलीत तरी ती चारही वरच्याच पंक्तीतली असतील, हे यादीवरून कळतं. माझी अडचण वेगळी आहे. यातल्या पंधरा ठिकाणी तुमच्या लेकीला प्रवेश मिळेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सोळाव्या ठिकाणी मिळेल असं सांगू शकते, पण तिथे जायचा विचार तुमच्या घरात अजून कोणीच केलेला नाही. "सेफ्टी म्हणून" या दोन शब्दांतच ते दिसतं.

कॉलेज प्रवेशाचा सल्ला देण्याचं हे काम मी २२ वर्षं करते आहे, त्यातली पहिली ९ एका पब्लिक हायस्कुलात काउन्सेलर म्हणून. हुशार मुलांच्या याद्या जवळजवळ सगळ्या वरून खाली लिहिल्या जातात. आधी स्वप्नं, मग त्याहून जरा लहान स्वप्नं, आणि ऑक्टोबरच्या शेवटी सगळे दमले की तळाशी एकदोन नावं. घर असं कोणी बांधत नाही. आधी जोतं घालतात, मग भिंती, मग छप्पर. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी कोरा कागद देते आणि सांगते, सगळ्यात खालच्या ओळीपासून लिहा.

याला कारण आहे एक मुलगा. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, नाव-गाव सांगत नाही. तुमच्या लेकीसारखाच होता, कदाचित गणितात तिच्याहून थोडा पुढे. पंधरा अर्ज केले. चौदा ठिकाणी नकार किंवा वेटलिस्ट, एका ठिकाणी होकार. ते कॉलेज त्याने एकदाही पाहिलेलं नव्हतं. तिथला निबंध त्याने एका रात्रीत उरकला होता. एप्रिलमध्ये आईवडील त्याला कॅम्पस दाखवायला घेऊन गेले तेव्हा तो गाडीतून उतरायलाच तयार होईना. आईने पार्किंगमधून मला फोन केला. मागे तो गप्प बसलेला, आणि ती दबक्या आवाजात मला विचारत होती की आता याला काय सांगू. कॉलेज चांगलं होतं. पण त्या पोराला वर्षभर आम्ही सगळ्यांनी मिळून हेच शिकवलं होतं की तिथे जाणं म्हणजे हरणं. त्या यादीला मी होकार दिला होता. ती चूक माझी होती आणि तेव्हापासून मी ती करत नाही.

आता तुमच्या पंधरांकडे बघू.

बहुतेक पालकांच्या मनात एक हिशोब असतो, कोणी बोलून दाखवतं, कोणी नाही. एका ठिकाणी शक्यता पाच टक्के, मग दहा ठिकाणी अर्ज केला तर कुठे ना कुठे लागेलच. कागदावर हा हिशोब मांडला तर उत्तर साधारण ४० टक्के येतं, म्हणजे तेव्हाही शंभरातल्या साठ मुलांना दहाही ठिकाणांहून नकार. आणि हेही उत्तर तेव्हाच खरं, जेव्हा प्रत्येक ठिकाणी नव्याने फासा पडतो. इथे तसं होत नाही. दहाही ठिकाणी तीच फाइल जाते. तेच मार्क, त्याच शिक्षकांची तीच पत्रं, तोच मुख्य निबंध. एका ठिकाणी जे कमी वाटलं ते बहुधा दुसरीकडेही कमी वाटतं. शिवाय एका भागातल्या शाळांचे अर्ज बहुतेक कॉलेजांत एकाच प्रवेश अधिकाऱ्याकडे जातात. एडिसन, प्लेन्सबोरो, ब्रिजवॉटर या पट्ट्यातून त्याच्या टेबलावर येणाऱ्या फायलींत रोबोटिक्स कॅप्टन किती असतील आणि अरंगेत्रम झालेल्या मुली किती, याचा अंदाज तुम्हाला माझ्याइतकाच आहे. तुमची लेक कमी आहे असं मी म्हणत नाही. तिच्याइतक्याच चांगल्या मुली त्या गठ्ठ्यात पुष्कळ आहेत, एवढंच.

म्हणून "रीच" या शब्दाची माझी व्याख्या साधी आहे. ज्या कॉलेजात शंभरातली दहापेक्षा कमी मुलं घेतात, ते प्रत्येकासाठी रीच. एसएटी १५५० असो की १६००. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड चारच्या आसपास घेतात, एमआयटी आणि प्रिन्स्टन चार-पाचच्या आसपास. त्यांच्याकडे नाकारल्या गेलेल्यांतही १५५० वाले हजारोंनी असतात.

पण तुमच्या यादीत मला जास्त काळजी वाटते ती ज्यांना तुम्ही मधली समजून बसला आहात त्यांची. इलिनॉयचं बघा. अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेशाचा आकडा शंभरात चाळीसच्या आसपास आहे, तो पाहून तुम्ही त्याला टार्गेट, म्हणजे मधल्या फळीतलं, धरलंय. पण तिथे अर्ज विद्यापीठाला नसतो, विभागाला असतो, आणि कॉम्प्युटर सायन्सचा आकडा शंभरात दहाच्याही आत आहे. दुसऱ्या विषयात शिरून मागाहून तिकडे वळू म्हणाल तर ती वाट जवळजवळ बंद आहे. कार्नेगी मेलनच्या स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्सचंही तसंच. जॉर्जिया टेक सरकारी आहे. जॉर्जियातल्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाला तिथे जागा मिळते, बाहेरच्यांपैकी दहांत एकाला. तुम्ही बाहेरच्या. बर्कलीला एसएटी बघतच नाहीत, २०२१ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एकाही कॅम्पसला बघत नाहीत, त्यामुळे तुमचा १५५० तिथे वाया. टेक्सासचं नाव तुमच्या यादीत नाही ते बरं. ऑस्टिनमध्ये कायद्यानेच नव्वद टक्के जागा टेक्सासच्या मुलांना जातात.

तेव्हा कॉलेजचा आकडा विचारताना तीन गोष्टी जोडून विचारायच्या: कुठला विषय, कुठल्या राज्यातून, आणि कुठल्या फेरीत. नुसता विद्यापीठाचा आकडा फसवा असतो.

आकडे कुठे बघायचे तेही सांगते. इंटरनेटवरच्या याद्या सोडून द्या. कॉलेजच्या नावापुढे "कॉमन डेटा सेट" लिहून शोधा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी हा दस्तऐवज स्वतःच काढतात. त्यात सी विभाग उघडा. सी१ मध्ये मुलं आणि मुली वेगवेगळ्या मोजलेल्या असतात: अर्ज किती, प्रवेश किती. तुमच्यासाठी हे कामाचं आहे. एमआयटीसारख्या ठिकाणी मुलींचे अर्ज मुलांपेक्षा कमी येतात आणि प्रवेशाचं प्रमाण मुलींचं जास्त असतं. व्हॅसारसारख्या कॉलेजात नेमकं उलटं. सी७ मध्ये एक तक्ता असतो: मार्क, निबंध, पत्रं, आणि त्यातच एक ओळ, अर्जदाराने दाखवलेला रस. ती ओळ महत्त्वाची म्हणून खूण केलेली असेल तर त्या कॉलेजला भेट द्या, त्यांच्या ऑनलाइन सत्रांना मुलीच्या स्वतःच्या ईमेलवरून नाव नोंदवा. लीहाय हे असं एक कॉलेज. फार वरचे मार्क असलेली मुलगी कधी फिरकली नाही, तर ही येणार नाही असं समजून तिला वेटलिस्टवर टाकलं जाऊ शकतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो तो इथे.

दुसरा आरसा तुमच्या शाळेतच आहे. बहुतेक शाळांकडे नॅव्हियन्स किंवा तसंच काहीतरी सॉफ्टवेअर असतं. त्यात प्रत्येक कॉलेजचा आलेख दिसतो, एका बाजूला जीपीए, दुसऱ्या बाजूला एसएटी, आणि तुमच्याच शाळेतल्या मागच्या मुलांच्या खुणा: प्रवेश मिळालेल्यांच्या हिरव्या, नाकारलेल्यांच्या लाल फुल्या. लेकीला शेजारी बसवा आणि प्रिन्स्टनचा आलेख उघडा. तिची जागा उजव्या वरच्या कोपऱ्यात आहे. त्या कोपऱ्यात लाल फुल्या किती आणि हिरव्या किती, हे तिचं तिला मोजू द्या, तुम्ही काही बोलू नका. मग रटगर्सचा उघडा. तिथे तो कोपरा हिरवागार असेल. एक सावधगिरी: या आलेखात विषय दिसत नाही, खेळाडू कोण आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं कोण तेही दिसत नाही. मागच्या वर्षी कमी मार्कांवर कोणी कॉर्नेलला गेलं म्हणून आपणही जाऊ, असं त्यावरून ठरवू नका.

आता जोतं. खालच्या ओळीत कॉलेज बसण्यासाठी मी तीन गोष्टी तपासते. प्रवेश नक्की आहे का, तिच्या विषयासकट. सगळ्यात वाईट परिस्थितीत, एक डॉलरही मदत मिळाली नाही तरी, पैसे परवडतात का. आणि लेक तिथे आपणहून जाईल का. तिन्हींना "हो" हवं. दोनांना हो आणि तिसऱ्याला "बघू" असेल तर ते कॉलेज यादीत राहू दे, पण त्याला सेफ्टी म्हणू नका.

रटगर्स न्यू ब्रन्सविक पहिल्या दोन कसोट्यांवर उतरतं. न्यू जर्सीच्या रहिवाशाला राहण्या-जेवणासकट वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास खर्च येतो. तिसरी कसोटी तुमच्या हातात आहे. लेकीला एक शनिवार तिथे न्या. टूरवर नको, टूरवर सगळी कॉलेजं सारखीच दिसतात. ओळखीचं कोणी तिथे कॉम्प्युटर सायन्स शिकत असेलच, न्यू जर्सीत ते शोधायला त्रास पडत नाही. लेकीला त्या ओळखीच्याबरोबर कॅम्पसवर हिंडू द्या, जेवू द्या, आणि तुम्ही दोघं बाहेर थांबा. ऑनर्स कॉलेजची, म्हणजे विद्यापीठातल्या निवडक मुलांसाठीच्या विभागाची, इमारत बघून या, तिथल्या मुलांशी बोलू द्या. ऑनर्स मिळेलच असं नाही, पण मिळावं असं तिला वाटलं पाहिजे. रटगर्सच्या अर्जात शिक्षकांची पत्रं लागत नाहीत, गुण मुलीने स्वतः भरायचे असतात. ते काम सोपं वाटतं म्हणून मुलं शेवटच्या रात्रीवर टाकतात. स्कॉलरशिप आणि ऑनर्स हवं असेल तर १ नोव्हेंबरची मुदत गाठायचीच.

एकच सेफ्टी पुरत नाही, दोन लागतात, म्हणजे एप्रिलमध्ये तिथेही तिला निवड राहते. दुसरं नाव तिच्या स्वभावावर ठरेल. घराजवळ राहायला आवडत असेल तर नेवार्कच्या एनजेआयटीचं डॉर्मन ऑनर्स कॉलेज बघा. दूर जायचं असेल तर ॲरिझोना स्टेटचं बॅरेट ऑनर्स कॉलेज किंवा अलाबामा विद्यापीठ. अलाबामाचं नाव काढलं की आपल्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. पण तिथे तुमच्या लेकीच्या मार्कांना बाहेरच्या राज्यातून आली तरी ठरलेली मोठी स्कॉलरशिप असते, तिचा तक्ता त्यांनीच जाहीर केलेला असतो, मुलाखत नाही की वशिला नाही. दोन्हीकडे अर्ज जसे येतात तसे बघतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये पाठवलेल्याचं उत्तर हिवाळ्याच्या आत हातात पडू शकतं. पहिला होकार ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरी आला की पोरांच्या निबंधांचा सूर बदलतो. मी हे शेकड्यांनी पाहिलंय. भीक मागितल्यासारखं लिहिणं थांबतं.

पैशाचा विषय तुम्ही "नंतर बघू" म्हणून सोडलाय. तो आधी बघा, याच आठवड्यात. तुमच्या यादीतल्या खासगी कॉलेजांचा पूर्ण खर्च आता वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर गेला आहे, चार वर्षांचे साडेतीन लाखांहून जास्त, आणि मागे धाकटा आहे. आयव्ही, एमआयटी, स्टॅनफर्ड ही सगळी मार्कांवर एक पैसा देत नाहीत, फक्त गरजेवर देतात. तुमच्यासारख्यांचं गणित इथेच अडतं: उत्पन्न एवढं की मदत तोकडी, आणि एवढंही नाही की चेक फाडताना काही वाटू नये. प्रिन्स्टनने २०२५-२६ पासून अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना ट्यूशन फी माफ केली, हार्वर्ड आणि एमआयटीने ती रेषा दोन लाखांवर आखली. तुम्ही दोन्ही रेषांच्या पलीकडे आहात, पण प्रिन्स्टनच्या अगदी जवळ. रेषा ओलांडली की मदत एकदम शून्य होते असं नाही, म्हणून अंदाज न बांधता प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा करून तुम्हाला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा फॉर्म, भरा. मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न समोर ठेवा, दोघं बसा, प्रत्येकी वीस मिनिटं लागतात. आलेला आकडा यादीत कॉलेजच्या नावासमोर पेनने लिहा.

आणि कोथरूडचा फ्लॅट लपवू नका. राहतं घर फाफ्सात, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जात, धरत नाहीत, पण दुसरी मालमत्ता धरतात, ती भारतात असली तरी. खासगी कॉलेजांचा मदतीचा अर्ज, सीएसएस प्रोफाइल, तर त्याहून बारीक विचारतो. आजोबांनी नावावर केलेला, भाड्याने दिलेला, बंद पडलेला, सगळं सांगायचं. "इथे कोणाला कळणार" असं म्हणणारे शेजारी खूप भेटतील. सही तुमची असते.

लेकीलाही आकडा सांगा. सतरा वर्षांच्या मुलीला कळतं. "आम्ही वर्षाला इतके देऊ शकतो, त्यावर कर्ज लागेल" एवढं वाक्य ऑगस्टमध्ये बोलणं अवघड वाटतं, एप्रिलमध्ये होकाराचं पत्र हातात धरलेल्या मुलीला सांगणं फार कठीण जातं.

मधली फळी तुमच्याकडे नाहीच, ती उभी करायची आहे. इथे मी जी नावं सुचवेन ती पुण्यातल्या मावशीने ऐकलेली नसतील, त्याची तयारी ठेवा. केस वेस्टर्न आणि रोचेस्टर ही दोन मला तिच्यासाठी आवडतात. दोन्ही मध्यम आकाराची, दोन्हीकडे मार्कांवर स्कॉलरशिप मिळते, आणि केसमध्ये एकदा आत गेलं की विषय बदलायला आडकाठी नसते. सतराव्या वर्षी कॉम्प्युटर सायन्स म्हणणारी किती मुलं विसाव्या वर्षी दुसरं काही करत असतात हे पाहिल्यावर या मोकळीकीची मला फार किंमत वाटते. मॅसॅच्युसेट्स ॲमहर्स्टचा कॉम्प्युटर सायन्सचा विभाग नावाजलेला आहे. बाहेरच्या राज्यातल्यांना त्या विषयात शिरणं सोपं नाही, पण तिच्या आवाक्यात आहे. मेरीलँड कॉलेज पार्कमध्येही आता या विषयाला मर्यादित प्रवेश आहे, ते मी वरच्या आणि मधल्या फळीच्या सीमेवर धरते. रेन्सेलर आणि वूस्टर पॉलिटेक्निक, दोन्ही बघून या. रोबोटिक्सच्या कॅप्टनला वूस्टरला गेल्या गेल्या आपली माणसं भेटल्यासारखं वाटतं, कारण तिथे रोबोटिक्स इंजिनिअरिंग ही स्वतंत्र पदवीच आहे. स्टोनी ब्रूक हेही एक नाव. यातली चार-पाच निवडा. सगळी नको.

मग छप्पर. पंधरा नावं पाच-सहांवर आणायची. आयव्हीची आठही कॉलेजं एकाच मापाची समजून यादीत टाकली जातात. आयव्ही लीग हे मुळात १९५४ सालच्या करारातून बनलेलं खेळांच्या सामन्यांचं मंडळ आहे. कॉलेजं एकमेकांपासून कोसभर वेगळी आहेत. कोलंबिया मॅनहॅटनमध्ये आहे आणि तिथे प्रत्येकाला ठरावीक ग्रंथ वाचायला लावणारा कोअर अभ्यासक्रम आहे. ब्राउनमध्ये सक्तीचे सर्वसाधारण विषयच नाहीत, आपला अभ्यासक्रम आपण रचायचा. डार्टमथ न्यू हॅम्पशायरच्या एका छोट्या गावात, हिवाळ्यात बर्फात. ज्या मुलीला कोलंबिया मनापासून आवडेल तिला त्याच कारणांसाठी ब्राउन कसं आवडेल? निबंध वाचणाऱ्याला हे पहिल्या परिच्छेदात कळतं. लेकीला म्हणावं, प्रत्येक नावासमोर दोन ओळी लिही, त्यात क्रमांक आणि "नाव मोठं आहे" हे सोडून काहीही चालेल. ज्यासमोर दोन ओळी होत नाहीत ते नाव काढायचं. माझा अंदाज, एमआयटी, कार्नेगी मेलन, कॉर्नेल, प्रिन्स्टन, जॉर्जिया टेक आणि इलिनॉय टिकतील. पण ते तिने ठरवावं, तुम्ही किंवा मी ठरवू नये.

सोळा कॉलेजांचे छोटे निबंध मोजले तर ते सहज चाळीसच्या घरात जातात, आणि ते ज्या महिन्यांत लिहायचे त्याच महिन्यांत बारावीचे एपी, रोबोटिक्सचा सीझन आणि दिवाळीचे कार्यक्रम असतात. बारा-तेरा नावांवर आलात तर प्रत्येक निबंध दोनदा तरी नीट लिहून होईल. आणि एक सुचवते. मुख्य निबंध रोबोटिक्सवर नको. मराठी शाळेत सहा वर्षांच्या मुलाला, जो घरी फक्त इंग्रजी बोलतो, "ळ" म्हणायला शिकवताना काय काय करावं लागतं ते तिला लिहू द्या. तो अनुभव तिचा एकटीचा आहे.

लवकरच्या फेरीबद्दल थोडं. अर्ली डिसिजन म्हणजे शब्द दिला: १ नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज, डिसेंबरच्या मध्यात निकाल, होकार आला तर जायचंच आणि बाकी अर्ज मागे घ्यायचे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जवळपास निम्मा वर्ग याच फेरीत भरतो, कॉर्नेल, ड्यूक, कार्नेगी मेलनलाही या फेरीचं वजन आहे. या फेरीचे वरचे दिसणारे आकडे काही अंशी खेळाडूंमुळे फुगलेले असतात हेही ध्यानात ठेवा. पण इथे दोन-चार कॉलेजांच्या स्कॉलरशिपची तुलना करून मग ठरवायची सोय राहत नाही. म्हणून माझा नियम: कॅल्क्युलेटरचा आकडा बघून आईवडील दोघांनीही मनापासून हो म्हटलं, आणि लेकीने ते कॉलेज वर्ग चालू असताना पाहिलं, तरच. प्रिन्स्टनची लवकरची फेरी बंधनाची नाही, पण ती निवडली तर इतर खासगी कॉलेजांत लवकर अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठांत मात्र करता येतो, म्हणजे रटगर्स, मेरीलँड, जॉर्जिया टेक, इलिनॉय ही सगळी १ नोव्हेंबरच्या आसपास त्याच्या जोडीला पाठवता येतात. पैशाचा निर्णय झालेला नसेल तर तुमच्यासाठी हीच वाट मला जास्त सुरक्षित वाटते. डिसेंबरात नकार आला तर त्याच रात्री दुसरं काही ठरवू नका. दोन दिवस जाऊ द्या.

तुमच्या मिस्टरांनी शेवटी विचारलंय की भारतीय मुलांना जास्त मार्क लागतात हे खरं का. जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, त्यानंतरच्या पहिल्याच वर्षी एमआयटीत आशियाई-अमेरिकन विद्यार्थ्यांचं प्रमाण ४० वरून ४७ टक्क्यांवर गेलं. सगळीकडे तसं झालं नाही. त्यांना एवढंच सांगा की या प्रश्नाचं उत्तर काहीही असलं तरी आपल्या यादीतलं एकही नाव त्यामुळे खाली-वर होत नाही.

या आठवड्यात तीन कामं: कॅल्क्युलेटर, शाळेच्या आलेखावर लेकीबरोबर अर्धा तास, आणि कॉम्प्युटर सायन्स शिकणारं ओळखीचं कोणी शोधून रटगर्सचा शनिवार ठरवणं. शनिवारी परत येताना गाडीत तिला कसं वाटलं ते विचारू नका, ती आपणहून काय बोलते ते ऐका. मग यादी नव्याने लिहून मला पाठवा. तिच्या अक्षरात, खालून वर.